पुस्तकाची भिशी

नागपूरच्या प्रतापनगरात आमची आठ बायकांची भिशी आहे. महिन्याला पाचशे रुपये. जिची चिठ्ठी निघाली तिचे चार हजार, मग तिनं साडी घ्यावी नाहीतर मिक्सर, कोणी विचारत नाही. दोन वर्षांपूर्वी कोणाच्या तरी (माझ्याच) डोक्यातून निघालं की चिठ्ठी निघेल तिनं पुढच्या भिशीत एक आवडतं पुस्तक सांगायचं, का आवडलं त्यावर दहा मिनिटं बोलायचं आणि मगच खाणं. तेव्हा मला वाटलं होतं, आठ जणींत वाचणारी मी एकटी, मला काय कठीण! आता माझी चिठ्ठी निघाली की चार हजारांचा आनंद लिफ्टपर्यंत टिकतो.

वाचताना तीनदा डोळे पुसलेले असतात. ते कशानं, हे सांगायला उभं राहिलं की हाती लागतो तो दहावीच्या गाइडातला सारांश.

पहिल्या खेपेला मी 'बनगरवाडी' निवडलं. व्यंकटेश माडगूळकरांचं, १९५५ सालचं, बारीकसं पुस्तक. म्हटलं, जाडी बघून कोणी घाबरणार नाही. जानेवारीचे दिवस, आत सांबारवडी तळणं चाललेलं. (आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याहून आलेल्या सुनेला हे समजावण्यात एक संक्रांत जाते.) मी सुरू केलं, "एक तरणा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळेत जातो."

"मग?" बँकेतल्या ताईंनी विचारलं.

"मग हळूहळू लोकांशी ओळख होते."

"मग?"

"तालीम बांधतात."

"मग?"

"मग दुष्काळ पडतो आणि वाडी उठून जाते."

"मास्तराचं लग्नबिग्न?"

"नाही."

"बाई, म्हणजे काहीच नाही होत ना याच्यात!"

मला सांगायचं होतं की त्या पुस्तकात लेखक कुठेही मध्ये येऊन आपल्या खांद्यावर हात ठेवत नाही. माणसं, मेंढरं, चावडी नुसती समोर ठेवतो, आणि शेवटी ती ओस वाडी बघून आपल्यालाच पोरकं वाटायला लागतं. पण हे वाक्य मला रात्री भांडी विसळताना सुचलं. तेव्हा तर वड्या आल्या होत्या.

खरा अपमान पुढच्याच महिन्यात झाला. तिसऱ्या माळ्यावरच्या वहिनी वर्षाला मोजून दोन पुस्तकं वाचतात, त्यातलं एक दिवाळी अंक. त्या लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' घेऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "या बाईचे वडील इतके सोवळ्यातले, की बाजारातून आणलेलं मीठसुद्धा धुवायला लावायचे." आणि बसल्या. झालं त्यांचं.

"अवो, मीठ धुतल्यावर राहीन काय?"

"तेच तर वाचा ना आता!"

पुस्तक आठवड्यात पाच घरं फिरलं. मी बोलले असते तर १८९५ सालचं त्यांच्या यजमानांचं, ना. वा. टिळकांचं, ख्रिस्ती धर्मांतर, नवराबायकोची ताटातूट, बाईंची ती स्वतःवरही हसणारी भाषा, असं सगळं रांगेनं सांगितलं असतं. त्यांच्या संसाराचे काही दिवस आपल्या नागपुरातही गेले, हेही घुसडलं असतं. आणि पुस्तक माझ्याच पिशवीत परत आलं असतं.

मी धडा घेतला. एकच वस्तू सांगायची. पुढची चिठ्ठी निघाली तेव्हा नागपूरच्याच महेश एलकुंचवारांचं नाटक घेतलं, 'वाडा चिरेबंदी', आणि त्यातला ट्रॅक्टर तेवढा पुढे केला. विदर्भातल्या एका गावात देशपांड्यांचा वाडा, वडील वारलेत, दिवसांसाठी माणसं जमलीत, आणि अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर उभा आहे. एवढंच बोलले. खोलीत जे काही झालं ते मी आजवर कुठल्या पुस्तकाच्या बाबतीत पाहिलेलं नाही. आठांपैकी सहा जणींच्या घरी वाडा निघाला. एकीच्या वाड्यात ट्रॅक्टर नव्हता, पण १९८० सालापासूनचं विहिरीचं इंजिन पडून होतं. "आमच्या मोठ्या काकांनी तर झोपाळ्याच्या कड्यांचे पण वाटे करून घेतले," एक जण म्हणाली, आणि दुसरीनं विचारलं, चार कड्यांचे तीन भावांत कसे? संध्याकाळी साडेसातपर्यंत वाटण्या चालल्या. जाताना प्रत्येकीनं माझा हात धरून सांगितलं की नाटक फार छान आहे. पुस्तक कोणीही नेलं नाही.

आणि मग आला मे महिना. पंचेचाळीस डिग्री. मी हट्टानं 'कोसला' घेऊन गेले. भालचंद्र नेमाड्यांचं, १९६३ सालचं. ज्यांच्याकडे भिशी होती त्यांचा कूलर लोखंडी, जुना, खिडकीएवढा. नवीन गवत भरलेलं, पंखा फुल्लवर. हवा फर्स्ट क्लास, पण आवाज असा की खोलीत मेटाडोर उभी आहे असं वाटावं. कूलर कमी करा म्हणायची हिंमत मे महिन्यात नागपुरात कोणात नसते. मी ओरडून सुरुवात केली.

"खानदेशातला मुलगा आहे! पांडुरंग सांगवीकर! पुण्याला शिकायला जातो!"

"पास होतो का?"

"नाही! आणि तो सारखा उदाहरणार्थ म्हणतो!"

"कशाचं उदाहरण?"

"कशाचंच नाही! वगैरेही म्हणतो!"

बँकेतल्या ताईंनी शेजारणीकडे बघितलं. मी घाम पुसला. हा मुलगा पानापानांवर टवाळी करत हिंडतो, आपण हसत राहतो, आणि मग त्याच्या धाकट्या बहिणीपाशी ते हसू घशात अडकतं, हे सांगायचं होतं. हळू आवाजात सांगायची गोष्ट होती ती. मी फुप्फुसं भरली आणि ओरडले, "आणि मग मनी गेली! देवी आल्या आणि..."

लाइन गेली.

"...पोरगी गेली!" हे शब्द बंद कूलरच्या शांततेत जाऊन भिंतीवर आपटले.

आतल्या खोलीचा पडदा हलला. घरमालकिणीच्या सासूबाई, ऐंशीच्या पुढच्या, कानानं जरा कमी, भिंत धरत बाहेर आल्या. "कोण गेली वो?"

"कोणी नाही आई, पुस्तकातली आहे."

"कोणाची?"

पुस्तकातली हा शब्द काही त्यांच्यापर्यंत पोचेना. मी म्हटलं, "पांडुरंगची बहीण, आजी."

त्या खुर्चीवर बसल्या. "केवढी होती?"

"लहानच."

"देवीनं?" त्यांनी हाताच्या पाठीवरून बोटं फिरवली. "अन् भाऊ कुठी होता?"

"पुण्याले. शिकाले." माझ्या तोंडून आपोआप त्यांचीच भाषा निघाली.

"आता कसा आहे तो?"

"कसातरीच आहे आजी. कोणाशी धड बोलत नाही. उगाच थट्टा करत बसते सगळ्याची."

"करनच," आजी म्हणाल्या. "त्याले म्हना, घरी ये."

लाइन यायचं नाव नव्हतं. आठ जणी घामानं चिंब होऊन बसलो होतो. "मग?" म्हणून कोणी विचारलं नाही, पन्ह्याचंही कोणी नाव काढलं नाही. दहा मिनिटांच्या वर गेलं होतं बहुतेक.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरमालकिणीचा फोन. "आई विचारून राहिल्या, तो पोरगा घरी आला का म्हणून. ते पुस्तक देऊन ठेवता का? रोज थोडं वाचून दाखवीन म्हणते."

मी पुस्तक नेऊन दिलं. तो घरी येतो पण बापाशी त्याचं अजिबात पटत नाही, हे आधीच सांगून ठेवलं, उगाच आजींची निराशा नको.

आजी म्हणाल्या, "मंग त्याच्यात नवीन काय हाय?"