रेफाहला टाळं लागलं, पण कशाला?

"धर्मावर चालणाऱ्या पक्षांवर बंदी घाला, विषय संपला," असं दर दोन दिवसांनी कुणीतरी लिहितं. त्यांनी तुर्कस्तानच्या रेफाह या इस्लामवादी पक्षाची फाइल एकदा चाळावी.

नेते नेज्मेत्तिन एर्बाकान, पेशाने इंजिनियर. त्यांचा पहिला पक्ष 1971 मध्ये कोर्टाने बंद केला, दुसरा 1980 च्या लष्करी उठावात गेला. 1983 चा रेफाह तिसरा. 1987 मध्ये 7 टक्के मतं पडली आणि जागा शून्य! देशभरात 10 टक्के मतं नसतील तर संसदेत प्रवेश नाही, अशी मेख लष्करी राजवटीने मारून ठेवली होती. ही मेख लक्षात ठेवा.

पक्ष वाढला तो गल्लीत. खेड्यातून आलेल्यांनी शहराच्या कडेला रातोरात उभारलेल्या गेजेकोंदू वस्त्यांमध्ये बायका घरोघर जायच्या, आजारपण, लग्न, मयत, सगळीकडे हजर. (एवढं राबूनही 1995 मध्ये रेफाहची एकही महिला खासदार नव्हती. हेही सांगायला हवं.) 1994 मध्ये रेफाहचे एर्दोआन (पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले तेच) इस्तंबूलचे महापौर झाले ते फक्त 25 टक्के मतांवर, बाकीची मतं चार-पाच पक्षांत फुटली. 1995 मध्ये 21.4 टक्के मतं, 550 पैकी 158 जागा, पहिला क्रमांक. जून 1996 मध्ये तान्सू चिल्लेर यांच्या पक्षाला सोबत घेऊन एर्बाकान पंतप्रधान.

28 फेब्रुवारी 1997 च्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेत सेनापतींनी धर्माच्या राजकारणाला आवर घालणाऱ्या 18 कलमांचा कागद पुढे ठेवला. मे महिन्यात सरकारी वकील पक्षबंदीसाठी कोर्टात गेले, जूनमध्ये एर्बाकान यांनी राजीनामा दिला.

आता खरी गंमत. पक्ष 'घटनाविरोधी कारवायांचं केंद्र' ठरवायचा तर पक्ष कायद्याच्या कलम 103 नुसार आधी सदस्याला फौजदारी शिक्षा व्हायला हवी, आणि तरीही पक्षाने त्याला काढलेलं नसावं. पण ज्या कलमाखाली अशी शिक्षा व्हायची, ते दंडसंहितेचं कलम 163 तर 1991 मध्येच रद्द झालेलं. मग शिक्षा होणार कशी? घटना न्यायालयाने 9 जानेवारी 1998 ला ती अटच घटनाबाह्य ठरवली आणि आठवड्याभरात, 16 जानेवारीला, 9 विरुद्ध 2 मतांनी पक्ष बंद केला. सामना सुरू असताना नियम बदलला, असं माझं स्पष्ट मत. पुढे 2003 मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने मात्र एकमताने बंदी योग्य ठरवली. सत्तांतर गोडीने होणार की रक्ताने, असं एर्बाकान स्वतःच 1994 मध्ये बोलून बसले होते. ते वाक्य त्यांना भोवलं.

बंदीने गेलं काय? पाटी, मालमत्ता आणि राजकारणबंदीत एर्बाकान यांची पाच वर्षं. फझिलेत नावाचा नवा पक्ष तर डिसेंबर 1997 मध्येच काढून ठेवला होता; खासदार तिकडे गेले, वस्तीतले कार्यकर्तेही गेले. म्हातारा नेता बाजूला पडल्यावर तरुणांना तोंड फुटलं. 2000 च्या अधिवेशनात अब्दुल्ला गुल अध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि 633 विरुद्ध 521 असे थोडक्यात पडले. 2001 मध्ये फझिलेतवरही बंदी आली, आणि गुल-एर्दोआन यांनी एकेपी (न्याय आणि विकास पक्ष) काढला.

नोव्हेंबर 2002 मध्ये एकेपीला 34 टक्के मतं आणि 363 जागा. कारण? तीच 10 टक्क्यांची मेख. या वेळी जवळपास सगळे जुने पक्ष तिच्याखाली चिरडले गेले. 2008 मध्ये एकेपीवरही बंदीचा खटला झाला. 11 पैकी 6 न्यायाधीश बंदीच्या बाजूने होते. 1998 चा साध्या बहुमताचा नियम असता तर तेवढे पुरले असते, पण 2001 मध्ये घटना बदलून तीन-पंचमांश बहुमताची अट घातलेली. 7 लागत होते.