सर्टिफिकेट काढलं की अकाउंट तुमचं? असं नसतं हो

सध्या एक फॉरवर्ड जाम फिरतोय. "घरात स्किझोफ्रेनिया, बायपोलरचा पेशंट आहे? डॉक्टरांचं सर्टिफिकेट काढा, मुखत्यारपत्रावर सही घ्या, नाहीतर कलेक्टरकडून पालकत्व घ्या, एटीएम कार्ड काढून घ्या, सगळा व्यवहार तुमच्या हातात." आमच्या फॅमिली ग्रुपवरपण आलाय म्हणून लिहितेय.

सर्टिफिकेटचं बघा. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम 3 मध्येच लिहिलंय की निदान झालं म्हणून कुणी मनोविकल (म्हणजे कायद्याच्या नजरेत मन ठिकाणावर नसलेला) ठरत नाही, ते कोर्टानं ठरवायचं. त्याच कायद्यातला नॉमिनेटेड रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे पेशंटसाठी नेमलेला प्रतिनिधी, तोपण फक्त उपचारांपुरता, बँकेत त्याचं काही चालत नाही.

मुखत्यारपत्र तर अजूनच गंमत. सही करताना माणसाला आपण काय करतोय ते कळत असलं तरच ती चालते, आणि नंतर त्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही तर 1872 च्या करार कायद्याच्या कलम 201 नुसार मुखत्यारी संपते, म्हणजे खरी गरज पडते तेव्हाच कागद बाद, भर पावसात उलटणारी छत्री.

कलेक्टरकडून पालकत्व म्हणतात ते देणारी कमिटी 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यातली. ती ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व, बहुविकलांगता यांच्यासाठी, नुसत्या स्किझोफ्रेनियाला लागू नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्व मिळू शकतं, पण ठरावीक काळापुरतं, ठरावीक निर्णयापुरतं आणि त्या माणसाशी बोलून.

राहिलं एटीएम कार्ड. माझ्या भावाला बायपोलर आहे, मॅनियात (या आजारातल्या अति उत्साहाच्या काळात) त्यानं मध्यरात्री चार मिक्सर मागवलेत, तेव्हा लोकांची भीती मला कळते. पण तो बरा असताना आम्ही बसून ठरवलं, म्हणजे बरचसं त्यानंच ठरवलं: पगाराच्या खात्याला यूपीआय नाही, दुसऱ्या छोट्या खात्यात महिन्याचा खर्च, फोनवर तेवढंच जोडलेलं, रोजची लिमिट त्यानं स्वतः अ‍ॅपमध्ये टाकलेली. परत मॅनिया आलाच तर फटका त्या खात्यापुरता. कार्ड त्याच्याच पाकिटात आहे, पिन मला माहीत नाही आणि नकोय.

आणि काका, फॉरवर्डखाली तुम्ही "फ्लॅटच्या कागदांवरपण सही घेऊन ठेवा" असं जोडलंत ना, त्याच 2016 च्या कायद्याचं कलम 13 वाचा. मदत करणाऱ्याचाच हितसंबंध आड येत असेल तर त्या व्यवहारातून त्यानं बाजूला व्हायचं असतं, आणि त्या फ्लॅटमध्ये तुमचा हिस्सा आहे.