साम्राज्यांची भविष्यवाणी आणि दानीएलाची उपकारस्तुती

जगात कुठे युद्ध पेटलं की बायबलमधल्या दानीएल संदेष्ट्याच्या पुस्तकातली, सातव्या अध्यायातली, राज्यांची चिन्हं असलेली श्वापदं लगेच सोशल मीडियावर फिरायला लागतात. सिंह म्हणजे अमुक देश, अस्वल म्हणजे तमुक, दहा शिंगं म्हणजे ही दहा राष्ट्रं. खाली विश्वासणारी माणसंच लिहितात, ‘फार भीती वाटते.’ मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण ज्याला हे सगळं पहिल्यांदा दाखवलं गेलं, त्याच्या तोंडून आधी उपकारस्तुती निघाली होती.

दुसरा अध्याय सावकाश वाचून बघा. बाबेलचा (म्हणजे बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर याला स्वप्न पडलंय आणि ते कुणालाच सांगता येत नाही, म्हणून बाबेलमधल्या सगळ्या ज्ञान्यांना ठार मारायचा हुकूम सुटलाय. दानीएल आणि त्याचे तीन मित्र देवाकडे दयेची याचना करतात. रात्री रहस्य उलगडतं. आता खरं तर जीव वाचवायला राजवाड्याकडे धाव घ्यायची वेळ. पण दानीएल आधी देवाचा धन्यवाद करतो. काळ आणि ऋतू बदलणारा तोच, राजांना काढणारा आणि बसवणारा तोच, असं म्हणून तो आपल्या पूर्वजांच्या देवाचे उपकार मानतो. राजा ऐकेल की नाही, जीव वाचेल की नाही, यातलं अजून काहीच ठरलेलं नाही.

आणि आभार कशाबद्दल? राजाच्या स्वप्नात एक मोठा पुतळा होता. त्याचं सोन्याचं मस्तक म्हणजे नबुखद्नेस्सरच. दानीएलाला घरदार सोडून बंदिवासात आणणारा राजा. त्याच्यामागून रुपं (चांदी), पितळ, लोखंड, म्हणजे एकामागून एक परकी राज्यंच येणार. दानीएलाच्या हयातीत सुटका होईल असं त्या स्वप्नात कुठेच नाही. शेवटी कुणाचाही हात न लागता सुटलेला दगड येतो, पुतळ्याचा चुरा करतो आणि सगळी पृथ्वी व्यापतो. एवढं त्याला पुरलं.

लोखंडाचं राज्य कोणतं यावर जुना वाद आहे. ख्रिस्ती मंडळीच्या परंपरेत बाबेल, मेदी-पारस, ग्रीस आणि रोम असा क्रम धरतात. अनेक अभ्यासक मेदी आणि पारस वेगळे मोजतात आणि चौथं राज्य ग्रीकांचं मानतात. मी रोम मानतो, पण यावरून भांडणार नाही. तारखा काढणाऱ्यांशी मात्र माझं पटत नाही. आठव्या अध्यायातल्या २३०० दिवसांच्या हिशोबावरून अमेरिकेत विल्यम मिलर या उपदेशकाचे अनुयायी २२ ऑक्टोबर १८४४ ला ख्रिस्ताच्या येण्याची वाट बघत होते. तो दिवस तसाच गेला आणि कितीतरी माणसं आतून मोडली.

मला सगळ्यात जास्त भिडतो तो सहावा अध्याय. इ.स.पू. ५३९ मध्ये बाबेल पडलं. सोनं गेलं, रुपं आलं. तरुणपणी सांगितलेल्या स्वप्नाचा पहिला भाग दानीएलाने म्हातारपणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. नव्या राजवटीत फर्मान निघालं की तीस दिवस राजाखेरीज कुणाकडेही काही मागायचं नाही. दानीएल घरी गेला, यरुशलेमेकडच्या खिडक्या उघड्याच होत्या, आणि त्याने दिवसातून तीनदा गुडघे टेकून प्रार्थना आणि उपकारस्तुती केली. शास्त्र सांगतं, पूर्वी करायचा तशीच. मधे अख्खं साम्राज्य बदललं होतं.

याचा अर्थ त्याला काहीच लागत नव्हतं असा नाही. आठव्या अध्यायातल्या दृष्टान्तानंतर तो गळून गेला, कित्येक दिवस आजारी पडला, मग उठून पुन्हा राजाच्या कामाला लागला. नवव्यात तो उपास करून, गोणपाट आणि राख घेऊन लोकांच्या पापांसाठी रडतो. राजाचीही तो भीड धरत नाही. चौथ्यात नबुखद्नेस्सराला तोंडावर सांगतो, पाप सोड, गरिबांवर दया कर. उपकारस्तुती म्हणजे सत्तेला मान डोलावणं, असं कुणी म्हणत असेल तर त्याने हा भाग वाचावा.

प्रेषित पौलानेही आपला सहकारी तीमथ्य याला लिहिताना सगळ्यांसाठी प्रार्थना आणि उपकारस्तुती करायला सांगितली आणि त्यात राजांचं नाव घेतलं. तेव्हा राज्य रोमचं होतं.

म्हणून माझी एक विनंती आहे. प्रार्थनासभेत सातवा अध्याय काढायचा असेल त्या दिवशी आधी दुसऱ्या अध्यायातली २० ते २३ ही वचनं सगळ्यांनी मोठ्याने वाचा. मग ज्या देशांची बातमी ऐकून धडकी भरते, त्यांची नावं घेऊन तिथल्या लोकांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा. श्वापदांकडे त्यानंतर वळा.