रोज एक रुपया टाका म्हणे, सैन्य सज्ज होईल!

जुळे सोलापुरातल्या आमच्या आत्याने तो मेसेज फॅमिली ग्रुपवर टाकला, म्हणून लिहितोय. नाहीतर वर्षानुवर्षं फिरणाऱ्या या भुताच्या नादी लागलो नसतो. दावा असा: अक्षय कुमारच्या सूचनेवरून केंद्राने सैन्याच्या शस्त्रखरेदीसाठी खातं उघडलंय. शंभर कोटी लोकांनी रोज रुपया टाकला की वर्षाला 36,000 कोटी जमतील; पाकिस्तानचं संरक्षण बजेटही तेवढं नाही.

अक्षय कुमारचं आधी उरकतो. त्याचं नाव पुढे करणारा हा मेसेजच दिशाभूल करणारा आहे, हे संरक्षण मंत्रालयाने सांगितलंय. मेसेजमधला खाते क्रमांक चुकीचा आहे, ऑनलाइन पाठवलेले पैसे परत येतायत, हेही. उद्या एखाद्या भामट्याने तिथं स्वतःचा नंबर घातला तर तेवढेही परत यायचे नाहीत.

पाकिस्तानचं 2025-26 चं संरक्षण बजेट आपल्या रुपयांत या 36,000 कोटींच्या दुपटीच्या घरात जातं. आपलं 6.81 लाख कोटी. म्हणजे हे 36,000 कोटी आपल्याला तीन आठवडेही पुरत नाहीत.

पण आत्याला भावलं ते वेगळंच. "नेत्यांच्या खिशात जात नाही की रे, थेट जवानाला जातंय!" राजकारणाचा वीट मलाही आलाय, कोण कुठल्या गटात, हे लक्षात ठेवणंच लोकांनी सोडलंय. त्याच विटावर हा मेसेज पोसलाय. पण सैन्याचं अडतं कुठं ते तरी बघा. फेब्रुवारी 2021 मध्ये 83 तेजस मार्क-1ए या देशी लढाऊ विमानांचा सुमारे 48,000 कोटींचा करार झाला. मार्च 2024 पासून विमानं मिळायची होती. अमेरिकेतून इंजिनंच वेळेवर आली नाहीत. तिकडे सप्टेंबर 2025 मध्ये मिग-21 हे जुनं लढाऊ विमान निवृत्त झालं; हवाई दलाला मंजूर स्क्वाड्रन (लढाऊ विमानांच्या तुकड्या) 42, हाताशी उरल्या 29. यात आत्याचा रुपया नेमका कुठं बसवायचा? उशिराचा जाब संसदेत विचारला जातो, आपल्या खासदाराला आपणही विचारू शकतो. त्या खाते क्रमांकाला कोण विचारणार?

एक मात्र मान्य करावं लागेल. लढाईत शहीद किंवा जखमी झालेल्यांसाठीचा सरकारी निधी खरा आहे, आणि 'माँ भारती के सपूत' या सरकारी वेबसाइटवरून तिथं पैसे देता येतात. शस्त्रखरेदीशी त्याचा काही संबंध नाही. द्यायचेच असतील तर तिथं दे, आत्या. आणि तो मेसेज आधी डिलीट कर. भिशीच्या ग्रुपवर टाकला असशील तर तिथलाही.