स्टॅनले बेली क्रमांक ५ रंध्याच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार,

तुम्ही फोटोंसकट लिहिलंत, म्हणून मोघम न बोलता उत्तर देता येतंय. तुमच्या तक्रारी अशा: रंध्यावर 'मेड इन यू.एस.ए.' नाही, म्हणजे माल डुप्लिकेट, पातं पुढे-मागे करणारं पितळी चाक अर्धा फेरा रिकामं फिरतं, पातं जेमतेम २ मिमी जाड आणि सागावर थडथडतं, मूठ हलते.

आधी डुप्लिकेटचं. तुमच्या दुसऱ्या फोटोत फ्रॉग (पातं ज्यावर टेकतं तो तिरका ठोकळा) आणि मूठ यांच्या मधे बिडात ओतलेल्या तीन पेटंट तारखा स्पष्ट दिसतात: २५ मार्च १९०२, १९ ऑगस्ट १९०२ आणि १९ एप्रिल १९१०. या तिन्ही एकत्र असलेले रंधे साधारण १९१० ते १९१८ मधले, अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या न्यू ब्रिटनच्या कारखान्यातले. देशाचं नाव बिडात ओतायला नंतर सुरुवात झाली. आणि वय ठरवायचं ते अंगावरून, पात्यावरच्या शिक्क्यावरून नव्हे. पातं झिजतं आणि बदललं जातं.

चाक रिकामं फिरणं हा दोष नाही. चाक आणि चिपब्रेकर (पात्याला वरून जोडलेली पट्टी) यांच्यामधे एक दुबेळकं, म्हणजे दोन फाट्यांचा दांडा आहे, त्याच्या दोन्ही टोकांना थोडी मोकळीक ठेवावीच लागते. अर्धा ते पाऊण फेरा ढिलाई याच घडणीच्या आजच्या नव्या रंध्यातही सापडेल. सवय एकच लावायची: पातं मागे घेतलं की शेवटचा फेरा नेहमी पुढे आणणारा द्यायचा, म्हणजे ढिलाई संपते आणि काम करताना पातं मागे सरकत नाही. आटे डावे आहेत. मागून पाहताना घड्याळाच्या दिशेने फिरवलं की पातं खाली येतं.

आता थडथडणं, कारण खरी अडचण इथेच आहे. हा रंधा रचणाऱ्या लिओनार्ड बेलीची पेटंटं स्टॅनले कंपनीने १८६९ मध्ये घेतली, त्या रचनेत पातं मुळातच पातळ आहे. जाडीची उणीव कमानदार चिपब्रेकर भरून काढतो. तो पात्याला टोकाजवळ दाबून फ्रॉगवर बसवतो. तुम्ही लिहिलंय की तोंड (तळातली पात्याची फट) बारीक करायला फ्रॉग पुढे घेतलात. तिसऱ्या फोटोत तो तोंडामागच्या तिरक्या काठाच्या बराच पुढे आलेला दिसतो, म्हणजे पात्याचं खालचं टोक अधांतरी राहिलं. अशा अवस्थेत ३ मिमीचं पातंही थडथडेल. पातं काढा, फ्रॉगचे दोन स्क्रू किंचित ढिले करा, मागच्या लहान स्क्रूने फ्रॉग त्या काठाशी एका पातळीत आणा आणि पुन्हा आवळा.

त्याच फोटोत चिपब्रेकर पात्याच्या धारेपासून अंदाजे ३ मिमी मागे आहे आणि त्याच्या खाली छिलका अडकलाय. साध्या कामाला १ मिमी पुरे, उलट्या रेषेच्या सागाला अर्ध्या मिमीच्याही आत न्या. छिलका अडकला याचा अर्थ चिपब्रेकरची कड पात्यावर सलग टेकत नाही. दोन्ही जोडून उजेडासमोर धरा. उजेड दिसला तर १००० नंबरच्या दगडावर कड घासा, चिपब्रेकरचं मागचं टोक दगडापेक्षा थोडं खाली धरून, म्हणजे पुढची टोकदार कडच पात्याला भिडेल. पातं दाबून धरणाऱ्या वरच्या कॅपचा स्क्रू इतकाच आवळा की खटका अंगठ्याने बंद होईल. जास्त आवळला तर पातं आडवं सरकवायचा दांडा हलत नाही, आणि रंध्याचा तळही थोडा वाकतो.

धार लवकर गेली असंही लिहिलंत. सागात सिलिका असते, त्यावर कुठलंही कार्बन स्टील लवकर बोथट होतं. २५ अंशांच्या धारेला टोकाशी ३० अंशांची बारीक दुसरी धार द्या, जास्त टिकेल. ग्राइंडरवर टोक निळं पडू देऊ नका; तेवढा भाग कायमचा मऊ होतो.

मुठीचं लाकूड शंभरेक वर्षांत आक्रसलंय, त्यामुळे वरची पितळी नट बोल्टच्या टोकाला टेकते आणि मूठ आवळलीच जात नाही. बोल्ट काढून एका टोकाचा १ ते दीड मिमी कानशीने घासा, मूठ घट्ट बसेल.

त्याच पैशात नवा येतो असं तुम्ही म्हणता, ते खरं. जुनं आणि अमेरिकन म्हणजे चांगलंच, असं आम्ही कुठल्याही गिऱ्हाइकाला सांगत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पितळेच्या टंचाईमुळे काळ्या रबराची चाकं बसवली गेली, पुढे रोजवूडच्या मुठीही गेल्या. त्या काळातला माल आम्ही कमी भावात देतो. तुमच्याकडचा रंधा त्याच्या आधीचा आहे, फ्रॉगची बैठक सपाट आहे, आणि म्हणूनच त्याचा भाव तेवढा लावलाय.

हे सगळं करून पंधरा दिवसांत सागावर एकसलग छिलका निघाला नाही, तर परत पाठवा. पैसे आणि कुरिअरचा खर्च दोन्ही आमच्याकडे. फक्त मुठीच्या भोकात बाजारातला एम ६ (६ मिमी जाडीचा) बोल्ट घालू नका, जसा तुम्ही घालायचं म्हणताय. मूळ बोल्ट साधारण ५.५ मिमी जाड आणि इंचाला २० आटे असा आहे. एम ६ जबरदस्तीने शिरेल, पण बिडातले आटे ओरबाडून टाकेल, आणि मग तो रंधा आम्हालाही परत घेता येणार नाही. बोल्ट खराब असेल तर कळवा, त्याच मापाचा पाठवतो.