पवित्र मारखाऊ

पाच जणांची टोळी गुहेत शिरते तेव्हा त्यात तिघे मारणारे असतात, एक मलमपट्टी करणारा असतो आणि एक जण निव्वळ मार खायला असतो. या शेवटच्याला टँक म्हणतात. लग्नात मुलीच्या बापाचं जे स्थान, तेच याचं. सगळ्यांचा राग आपल्यावर ओढून घ्यायचा, खर्च सोसायचा आणि कार्य सुरळीत पार पडलं तर आपलं नावही निघणार नाही हे धरून चालायचं. ही जागा आपणहून मागणारे मुळातच कमी. त्यातून 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन खेळात पॅलाडिन, म्हणजे पवित्र मंत्र जाणणारा चिलखती योद्धा, घेऊन टँक व्हायचं म्हणणारा माणूस मला नेहमी बगाडाला गळ टोचून घेणाऱ्यांच्या रांगेतला वाटतो. मीही त्याच रांगेत उभा आहे, म्हणून हे बोलायची हिंमत करतो.

हे सगळं 'बर्निंग क्रुसेड' या खेळाच्या पुरवणीचं. २००७ साली आलेलं आणि २०२१ मध्ये क्लासिक म्हणून पुन्हा उघडलेलं. त्याआधीच्या साठ लेव्हलच्या जमान्यात पॅलाडिनकडे शत्रूला डिवचून स्वतःकडे वळवायचा मंत्रच नव्हता. मग रायचस डिफेन्स मिळाला, पण तोही पॅलाडिनच्या स्वभावाला साजेसा, म्हणजे सभ्य. वॉरियर थेट शत्रूच्या तोंडावर शिवी हासडतो. आम्ही आधी मित्राकडे वळून विचारतो, "तुला कोण मारतंय बाळा?" नेम धरायचा तो मार खाणाऱ्या मित्रावर. मग त्याच्या अंगावर गेलेल्यांपैकी तिघांपर्यंत शत्रू तुमच्याकडे वळतात आणि पुढचे १५ सेकंद हा मंत्र बंद. धावपळीत मित्राच्या नावावर क्लिक करेपर्यंत मित्र आडवा झालेला असतो. म्हणून नेम शत्रूवरच ठेवून 'शत्रू ज्याला मारतोय त्याच्यावर' मंत्र टाकणारं मॅक्रो (एका कळीत बांधलेली आज्ञा) पहिल्या दिवशी बनवावं. तलवार नंतर घेतली तरी चालेल.

आता हिशेब. या योद्ध्याचं शौर्य पराक्रमावर कमी आणि बेरजेवर जास्त अवलंबून असतं.

सत्तराव्या लेव्हलला डिफेन्स, म्हणजे बचावाचं कौशल्य, ३५० असतो. रेडमधला, म्हणजे मोठ्या टोळीच्या मोहिमेतला, बॉस ७३ लेव्हलचा धरतात आणि त्याचा दुप्पट नुकसान करणारा क्रिट बसायची शक्यता ५.६ टक्के असते. डिफेन्सचा एक अंक त्यातले ०.०४ टक्के कमी करतो. म्हणजे १४० अंक वाढवून ४९० करा, क्रिट शून्य. यातले २० अंक अँटिसिपेशन या टॅलेंटचे (निवडून घ्यायच्या कौशल्याचे) पाच पॉइंट भरले की मिळतात. उरलेले १२० चिलखतातून आणायचे. एका अंकाला चिलखतावर लिहिलेलं साधारण २.३७ रेटिंग लागतं, म्हणजे सगळं मिळून २८४ च्या आसपास. फेलस्टीलचं शिरस्त्राण, हातमोजे आणि पायचिलखत ही लोहाराकडून करून घेतली की सुरुवातीचा मोठा वाटा भागतो. ४८९ वर थांबून "एका अंकाने काय होतंय" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. बॉस घालतो.

क्रिट संपला की क्रशिंग ब्लो. तीन लेव्हल वरचा शत्रू १५ टक्के वेळा दीडपट फटका देतो आणि डिफेन्स कितीही वाढवला तरी हा जात नाही. त्याला शक्यतांच्या टेबलावरून ढकलून द्यावं लागतं. फटका मुळातच चुकणं, हुलकावणी (डॉज), तलवारीने अडवणं (पॅरी) आणि ढालीने अडवणं (ब्लॉक) या चौघांची बेरीज १०२.४ टक्के झाली की फटक्याला बसायला जागाच उरत नाही. लोकलच्या चौथ्या सीटसारखं. होली शील्ड हा मंत्र चालू असताना ३० टक्के ब्लॉक फुकट मिळतो, मग आपल्याला उभे करायचे ७२.४. यातला 'चुकणं' हा आकडा कॅरेक्टरच्या पानावर दिसत नाही. ४९० डिफेन्सला तो १०.६ असतो. तो वजा केला की पानावर दिसणाऱ्या डॉज, पॅरी आणि ब्लॉकची बेरीज ६१.८ भरली पाहिजे. रिडाउट या टॅलेंटने मधूनच वाढणारा ब्लॉक यात धरायचा नाही. लॉटरीच्या भरवशावर कुणी घराचे हप्ते लावत नाही.

एवढी बेरीज जमली तरी होली शील्ड दहा सेकंदच टिकतं आणि टॅलेंट घेऊनही आठच फटके अडवतं. काराझान या रेडच्या शेवटी प्रिन्स माल्चेझार भेटतो. त्याची शक्ती ६० टक्क्यांवर आली की तो दोन्ही हातांत कुऱ्हाडी घेतो आणि वर जादा फटकेही देतो. आठ फटके कुठच्या कुठे संपतात. पुढची ढाल यायला अवकाश असतो आणि त्या दोन-तीन सेकंदांत तुमची १०२.४ ची बेरीज ७२.४ झालेली असते. या वेळी हीलरला, म्हणजे मलमपट्टीवाल्याला, आवाज द्यायचा असतो. गणित समजावत बसायचं नसतं.

शस्त्राचं प्रकरण आणखी लाजिरवाणं. आम्ही शत्रूचा राग कमावतो तो पवित्र मंत्रांच्या नुकसानीवर. रायचस फ्युरी ही मंत्रशक्ती लावली की तो राग ६० टक्के वाढतो, तिच्या टॅलेंटचे तीन पॉइंट भरले तर ९० टक्के. साध्या तलवारीच्या घावाला हा बोनस नाही. म्हणून अंगभर पोलाद चढवलेला हा धिप्पाड योद्धा हातात जादूगाराची नाजूक तलवार घेऊन फिरतो. तिच्यावर ४० स्पेल डॅमेज, म्हणजे मंत्रांचं जादा नुकसान, देणारं मेजर स्पेलपॉवर एनचांट चढवतो. आणि अशी तलवार एखाद्या बॉसकडून पडली की मेजशी, म्हणजे जादूगाराशी, भांडतो. मेज म्हणतो, "तू टँक ना रे?" या प्रश्नाला शोभेसं उत्तर आजवर कुणाला सापडलेलं नाही.

खरी कसोटी मानाची. (आत्मसन्मान नव्हे, मंत्रांना लागणारी निळी पट्टी. आत्मसन्मान वरच्या परिच्छेदात गेला.) टँकच्या चिलखतावर बुद्धी जवळजवळ नसते, त्यामुळे माना चार हजारांच्या आसपास घुटमळतो. कॉन्सिक्रेशन, म्हणजे पायाखालची जमीन पवित्र करून तिच्यावर उभ्या सगळ्यांना भाजणं, हा आमचा मुख्य धंदा. त्याची वरची पायरी ६६० माना खाते आणि दर आठ सेकंदांनी टाकता येते. भागाकार करा, सहा वेळात पट्टी रिकामी. पाऊण मिनिटात धर्म संपला.

यावर देवाने काढलेली तोड म्हणजे स्पिरिच्युअल अट्यूनमेंट. दुसऱ्याने तुमच्यावर केलेल्या उपचाराचे १० टक्के तुम्हाला माना म्हणून परत मिळतात. म्हणजे एका कॉन्सिक्रेशनचे ६६० वसूल करायला ६,६०० ची जखम व्हावी लागते आणि ती कुणीतरी भरावी लागते. न झालेल्या जखमेवर ओतलेलं मलम हिशेबात धरत नाहीत. आमचा पगार मारात मिळतो. गंमत पुढे आहे. आपण रात्र-रात्र जागून चिलखत सुधारतो, मार कमी लागतो, उपचार कमी होतात आणि माना आटतो. मग हीलर निवांत बसलेला, मारणारे जोशात, आणि मधोमध आपण चकचकीत पोलादात कफल्लक. बढती झाली आणि पगार कापला, असं हे एकच खातं मला ठाऊक आहे.

उपाय आहेत. सोप्या गुहेत जाताना एक-दोन जुने, कमी बचावाचे आणि जास्त स्पेल डॅमेजचे तुकडे घालावेत, म्हणजे प्रयत्नपूर्वक थोडा मार खावा. बॉसवर जजमेंट ऑफ विज्डम (त्याला घाव घालणाऱ्याला माना देणारा मंत्र) लावून ठेवावं. आपल्या घावांनी ते ताजं राहतं. गर्दी नसेल तर कॉन्सिक्रेशनची खालची पायरी टाकावी. आणि दोन झुंजींच्या मध्ये बसून पाणी प्यावं, मागून "गो गो गो" असं कोणी कितीही ओरडो.

कॉन्सिक्रेशनचं एक पथ्य मात्र नाक घासून पाळावं लागतं. मेजने एका शत्रूची मेंढी करून ठेवलेली असते. ती मेंढी तुमच्या पवित्र जमिनीवर आली की जागी होते, आणि मेंढी असताना तिची शक्ती भराभर भरत असल्यामुळे ताजीतवानी होऊन जागी होते. उसळत तिघांना लागणारं अ‍ॅव्हेंजर्स शील्ड तर मेंढी हुडकूनच काढतं अशी माझी पक्की खात्री आहे. म्हणून आधी ढाल फेकायची, मग मेंढी करू द्यायची, मग बाकीच्यांना दहा-पंधरा पावलं मागे ओढून न्यायचं. ओढताना पाठ फिरवून पळू नये. पाठीवरचा फटका ढाल, तलवार, हुलकावणी कशानेच अडत नाही. दुरून मंत्र फेकणारे शत्रू अर्थात येत नाहीत. त्यांच्यासाठी भिंतीआड लपावं. दिसेनासे झालात की ते शोधत येतात, उसनवारीवाल्यांसारखे.

घरभेदी वेगळेच. रेडमध्ये दुसरा एखादा पॅलाडिन प्रेमाने ग्रेटर ब्लेसिंग ऑफ सॅल्व्हेशन वाटतो. हा आशीर्वाद शत्रूचा राग ३० टक्के कमी करतो आणि एका वर्गाच्या सगळ्यांना एकदम लागतो. उपचार करणाऱ्या पॅलाडिनांना दिला की टँकलाही चिकटतो. राइट क्लिक करून तो काढायचा आणि आशीर्वाद झिडकारल्याचं पाप लगेच विसरायचं. कारण जवळून मारणाऱ्याने तुमच्या ११० टक्के आणि लांबून मारणाऱ्याने १३० टक्के राग ओढला की शत्रू त्याच्याकडे वळतो. त्यात तुमचे ३० टक्के गेले तर शिल्लक काय राहणार? जीव घाबरला म्हणून डिव्हाइन शील्डचा बुडबुडाही अंगावर ओढायचा नाही. तुम्हाला काही होत नाही हे शत्रूला लगेच कळतं आणि तो शेजारच्या हीलरकडे चौकशीला जातो.

सगळंच फसलं तर एक शेवटचा मंत्र आहे, डिव्हाइन इंटरव्हेन्शन. खिशात एक सिम्बॉल ऑफ डिव्हिनिटी हवं. नसतंच. असलं तर पॅलाडिन स्वतः मरतो आणि निवडलेला हीलर तीन मिनिटं अभेद्य होतो. शत्रू बाकीच्यांना संपवून जागेवर परततात, हीलर बुडबुड्यातून बाहेर येतो आणि एकेकाला उठवायला लागतो. आधी दुसऱ्या हीलरला, मग मेजला, मग चोराला. टँकला सर्वांत शेवटी, कारण "तू काय, बसलाच आहेस." उठल्यावर सगळे "चला चला" करत असतात. तुम्ही ढाल फेकता. ढाल तिघांना लागते आणि तिघेही तुमच्या शेजारून मेजकडे धावतात. मरणात रायचस फ्युरी उतरली होती, ती परत लावायची राहिली.