वीस हजारांतल्या आय-सेव्हनचा हिशेब

बारावीचे निकाल जवळ आले की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. आकडे थोडे इकडेतिकडे होतात, मजकूर तोच: "मुलांसाठी ब्रँडेड पीसी घेऊन पैसे वाया घालवू नका, असेंबल करा. आय-सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, आरजीबी गेमिंग कॅबिनेट, सोबत ५०० वॅटचा एसएमपीएस फुकट. सगळं नवीन, फक्त १९,९९९. आय-सेव्हन म्हणजे आय-सेव्हन, जनरेशन वगैरे कंपन्यांची नाटकं आहेत. बिल नको असेल तर आणखी कमी करू." खाली अंगठ्यांची रांग लागते. यंदा त्याखाली भाच्याने मला वेगळं विचारलं, "मामा, घेऊन टाकू?"

मी काही दुकानदार नाही. हौसेपोटी नात्यागोत्यात मशीन जोडून देतो, बिघडली की रविवारी उघडून बसतो. हा मेसेज धडधडीत खोटा असता तर एका ओळीत उत्तर देऊन मोकळा झालो असतो. पण त्यातला एकेक आकडा खरा असू शकतो, म्हणून एकेक मुद्दा घ्यावा लागतोय.

"आय-सेव्हन म्हणजे आय-सेव्हन." या भावात मिळणारा आय-सेव्हन बहुतेक वेळा २६०० किंवा ३७७० असतो. पहिला २०११ चा, दुसरा २०१२ चा. दोघांनाही ४ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), ८ थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं). आता जानेवारी २०२२ मध्ये आलेला आय-थ्री १२१०० बघा: त्यालाही ४ कोअर, ८ थ्रेडच. मोजायला गेलात तर बरोबरी. पण एकट्या कोअरचा वेग पाहिला तर हा आय-थ्री त्या २६०० च्या जवळपास दुप्पट काम करतो, आणि तेही कमी विजेत. आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन हे वर्गातले नंबर आहेत. इयत्ता कोणती, ते पुढचे आकडे सांगतात. शेवटचे तीन आकडे झाकायचे, उरेल ती इयत्ता: २६०० मधला २, १२१०० मधला १२. चौथीत पहिला आलेला मुलगा बारावीच्या पेपराला बसवून चालत नाही, एवढंच.

बरं, वेग राहू द्या. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या यादीत, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलची आठवी पिढी आणि त्यापुढचेच प्रोसेसर आहेत, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आडवाटेने त्या जुन्या मशीनवर ११ बसवून देणारे पुष्कळ आहेत, मीही बसवून पाहिलंय, चालतं. पण पुढचे अपडेट येतच राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. आणि २६००, ३७७० या दोघांतही एव्हीएक्स२ नावाच्या सूचना (एका फटक्यात जास्त हिशेब उरकायचे प्रोसेसरचे आदेश) नाहीत, त्या इंटेलने २०१३ च्या चौथ्या पिढीपासून दिल्या. काही नवे गेम त्यांच्याशिवाय सुरूच होत नाहीत. "गेमिंग पीसी" म्हणून विकलेल्या डब्यावर गेमच उघडला नाही, तर पोराला काय सांगणार?

"सगळं नवीन." हे अर्धं खरं. मदरबोर्ड नवीन असतो, चीनमधून एच६१ चिपसेटचे (चिपसेट म्हणजे बोर्डावरच्या भागांना जोडणारी चिप) बोर्ड अजून येतात. प्रोसेसर मात्र जुन्या मशीनमधून उपटून, पुसून, नव्या पिशवीत घातलेला. एच६१ हा चिपसेटसुद्धा २०११ चाच. रॅमला दोन स्लॉट, कमाल १६ जीबी, म्हणजे मेसेजमधल्या १६ जीबीवर गाडी कायमची थांबली. त्याचे साटा पोर्ट, म्हणजे डिस्क जोडायच्या जागा, सेकंदाला ३ गिगाबिटचे. आजची साधी साटा एसएसडी सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास वाचते, इथे ती तीनशेच्याही खाली अडते. तरी हार्ड डिस्कपेक्षा ते कितीतरी बरं, म्हणून यावर मी फारसा भांडणार नाही. साधी एसएसडी आणि तिच्याहून वेगवान, महागडी एनव्हीएमई एसएसडी यांतला फरक घरच्या वापरात क्वचितच कळतो. हार्ड डिस्क आणि एसएसडी यांतला फरक आजीलाही कळतो.

टायपिंग, टॅली, यूट्यूब, ऑनलाइन तास यांना हे मशीन पुरतं. लिनक्स टाकलं तर छानच पळतं. माझा आक्षेप जुन्या मशीनला नाही. जुनं मशीन जुन्याच्या भावात आणि जुनं म्हणून घ्यावं.

"१६ जीबी रॅम." कोणती? या बोर्डावर डीडीआर३ ही रॅमची जुनी पिढी चालते, जी पुढे दुसऱ्या कशातच लागणार नाही. डीडीआर४ आणि डीडीआर५ च्या पट्टीवरच्या खाचा वेगळ्या जागी असतात, एकीची दुसरीत बसतच नाही. त्यामुळे "पुढे हळूहळू अपग्रेड करू" या बेतातून रॅम आधीच वजा. दुसरं, १६ ची एक पट्टी आणि ८ च्या दोन पट्ट्या यांत फरक आहे. डीडीआर४ ३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी वाहून नेते, दोन जोडीने लावल्या की ५१.२. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर याचा परिणाम बेताचा. पण ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच असेल, तर तेही हीच रॅम वापरतं, आणि एका पट्टीवर गेम अक्षरशः अडखळतो. दुकानात "एकच पट्टी लावा, पुढे दुसरी टाकता येईल" असं सांगतात. पुढे कोणी टाकत नाही.

इथे मेसेजच्या बाजूनेही एक गोष्ट बोलायला हवी. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव काही महिन्यांत दुपटीहून वर गेले. मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळवला. मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये क्रूशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. वर्षभरापूर्वी मी "थोडे पैसे घाल आणि बारावी पिढी घे" असं डोळे मिटून सांगत होतो. आता तो "थोडे" चांगलाच फुगलाय. वीस हजारांत नव्या भागांचं गेमिंग मशीन जमवा असं सांगणं आज मलाही खोटेपणाचं वाटतं.

"४ जीबी ग्राफिक्स कार्ड." हे वाचून मला हसू येतं, कारण ते कोणतं असणार हे न विचारता सांगता येतं: एनव्हिडियाचं जीटी ७३०. २०१४ चं कार्ड. ४ जीबी म्हणजे गोदाम. माल आतबाहेर करायला रस्ता किती, ते कोणी लिहीत नाही. त्याच्या ६४-बिट डीडीआर३ आवृत्तीचा रस्ता सेकंदाला १४.४ जीबीचा. २०१९ च्या जीटीएक्स १६५० वरही ४ जीबीच, पण त्याच्या जीडीडीआर५ या वेगवान मेमरीचा रस्ता १२८ जीबीचा. गोदाम सारखं, एकाच्या दारात बोळ आणि दुसऱ्याच्या दारात एक्स्प्रेस वे. मघाशी सांगितलेल्या दोन पट्ट्यांचे ५१.२ आठवतात ना? एएमडीच्या रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक्स तेवढ्यावर चालतं आणि जीटी ७३० ला आरामात मागे टाकतं, वेगळं कार्ड न घेता. म्हणजे हे कार्ड फक्त यादीत ओळ वाढवायला घातलेलं असतं.

जाता जाता: इंटेलच्या प्रोसेसरच्या नावामागे एफ असेल, उदाहरणार्थ १२१००एफ, तर त्यात ग्राफिक्स नसतं. स्वस्त पडतो म्हणून तो घ्यायचा आणि कार्ड "पुढच्या पगाराला" ठेवायचं, तर तोवर स्क्रीन काळीच.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो तो मुद्दा. "सोबत ५०० वॅटचा एसएमपीएस फुकट."

एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज पीसीच्या भागांना वाटून देणारा डबा. फुकटचा एसएमपीएस हातात धरून बघा. चांगल्याच्या मानाने तो पोकळ, हलका लागतो, कारण आत तांबं, कपॅसिटर आणि हीटसिंक कमी. मग बाजूचं लेबल वाचा. मोठ्या अक्षरातला ५०० सोडून द्या, १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते बघा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांचं जेवण मुख्यतः त्याच ओळीतून येतं. तिथे १६ अँपिअर असतील तर बारा सोळे एकशे ब्याण्णव. पाचशेतले कामाचे वॅट एवढेच! बाकीचे ३.३ आणि ५ व्होल्टच्या ओळींवर दाखवून बेरीज फुगवलेली. ते एकशे ब्याण्णव तरी सलग मिळतील का, हा आणखी पुढचा प्रश्न. चांगल्या कंपनीच्या ४५० वॅटच्या लेबलवर त्याच रकान्यात ३५ च्या आसपास आकडा दिसतो.

आमच्या शेजारच्या काकांचं मशीन असंच फुकटच्या एसएमपीएसवर चालत होतं. पावसाळ्यात लाइट जाऊन आली, फट्ट आवाज झाला, एसएमपीएस गेला आणि जाताना बोर्ड व हार्ड डिस्क घेऊन गेला. बोर्ड बदलता आला. हार्ड डिस्कवर मुलीच्या लग्नाचे फोटो होते. काकू अजून तो विषय निघाला की काकांकडे बघतात. चांगल्या एसएमपीएसमध्ये व्होल्टेज चढलं, शॉर्ट झालं, भार जास्त झाला की स्वतः बंद पडायची सोय असते. स्वस्तातल्यात पैसे पहिले तिथेच वाचवतात. ८० प्लसचा शिक्का असेल तर चांगलंच, पण तो शिक्का वीज किती वाया जाते तेवढंच सांगतो, सुरक्षिततेचं प्रमाणपत्र नव्हे. आणि नाही, मोठ्या वॅटच्या एसएमपीएसने बिल वाढत नाही. मशीन मागेल तेवढीच वीज तो भिंतीतून ओढतो, अधिक थोडी घट.

त्याच्या आधी घरचं अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर दोष नेहमी मशीनचा नसतो. एसएमपीएसच्या आतले फिल्टरचे कपॅसिटर अर्थिंगला जोडलेले असतात. अर्थिंग नसलं की पत्र्यावर विजेचा निम्मा दाब येऊन बसतो, करंट अगदी किरकोळ, पण झटका जाणवतो. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तीन पिनांच्या सॉकेटमागे दोनच वायरी आलेल्या मी कितीदा पाहिल्यात. वायरमनला बोलावणं हा पीसीच्या बजेटचाच भाग समजा.

आरजीबी, म्हणजे रंगीत लाइटवाल्या कॅबिनेटबद्दल एवढंच: पुढे काचेची अखंड भिंत असेल तर पंखे कितीही रंगीत असोत, हवा आत येणार कुठून? एप्रिल-मेमध्ये नागपूर-चंद्रपूरकडे हा प्रश्न गमतीचा राहत नाही.

"बिल नको असेल तर आणखी कमी करू." या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे, तो वाचतो हे खरंच. पण बॉक्समध्ये येणाऱ्या इंटेल प्रोसेसरची ३ वर्षांची वॉरंटी, रॅमची, एसएसडीची वॉरंटी मागायला गेलात की पहिलं बिल मागतात. कच्च्या चिठ्ठीवरची वॉरंटी त्या दुकानदाराच्या मूडवर. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर घ्या नाहीतर गावच्या स्टँडसमोर, हे सारखंच.

आणि मेसेजची पहिली ओळ, ब्रँडेड म्हणजे पैसे वाया. नव्या ब्रँडेडबद्दल मी काही वकिली करत नाही. पण ऑफिसांतून लीज संपून बाहेर पडलेली मोठ्या ब्रँडची मशीन बाजारात येतात, त्यांत आय-फाइव्ह ८५०० मिळतो: २०१८ चा, ६ कोअर, विंडोज ११ च्या यादीतला, डीडीआर४ वर चालणारा, आणि सोबत ज्यावर विश्वास ठेवता येईल असा एसएमपीएस. खोट एकच: अनेकांत एसएमपीएसचा आकार आणि बोर्डाचा कनेक्टर त्या कंपनीचा खास असतो, नेहमीचा २४ पिनांचा नव्हे. पुढे मोठं ग्राफिक्स कार्ड घालायचं झालं तर अडतं. स्लॉटमधूनच वीज घेणारं, ७५ वॅटच्या आतलं कार्ड चालतं. डबा बारका असेल तर तेही अर्ध्या उंचीचं शोधावं लागतं.

भाच्याला मी तसलंच उभं टॉवर मॉडेल बघायला सांगितलं, रॅम ८ च्या दोन पट्ट्या, एसएसडी नवी, बिल पक्कं. त्याचा लगेच उलटा मेसेज आला, "पण मामा, त्यात लाइट नाहीत." मॉनिटरच्या मागे चिकटवायची एलईडीची पट्टी मी त्याला घेऊन देणार आहे.